तुम्ही विचारा: सुलोचना म्हणजे नक्की कुठली?

मागच्या अंकात मूकपटांच्या जुन्या जाहिरातींवर लेख होता, त्यात एका जाहिरातीवर मोठ्या अक्षरात नुसतंच "सुलोचना" असं छापलेलं होतं, आणि तेव्हापासून पत्रं, मेसेज, फोन काही थांबेनात. म्हणून या वेळचं सदर सगळं तिच्याच नावावर. प्रश्न थोडे कापलेत, राग मानू नका, काहींनी चार-चार पानं लिहिली होती.

प्रश्न (कोल्हापूर): जाहिरात १९२८ ची आहे म्हणता. अहो आमच्या सुलोचनाबाईंचा जन्मच १९२८ चा! भालजींकडे त्या आल्या ते नंतर. मग ही जाहिरात कुणाची? छापण्यात काही घोळ झालाय का?

घोळ नाही दादा, बाई वेगळी आहे. तुम्ही म्हणता त्या सुलोचना लाटकर, सगळ्यांच्या सुलोचनादीदी, भालजी पेंढारकरांच्या तालमीत तयार झालेल्या, आणि नंतर हिंदीत अर्ध्या इंडस्ट्रीच्या आई झालेल्या, त्या २०२३ मध्ये गेल्या. तिसऱ्या सुलोचना चव्हाण, लावणीवाल्या, त्यांचा तर या विषयाशी संबंधच नाही, पण दोन पत्रांत त्यांचंही नाव आलं म्हणून सांगितलं. जाहिरातीतली सुलोचना म्हणजे रुबी मायर्स. जन्म १९०७, पुणे. बगदादी ज्यू घराणं, म्हणजे मूळचे इराककडून आलेले ज्यू. मूकपटाच्या काळात सुलोचना म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे हीच यायची, आज आपण तिला पार विसरलोय आणि नाव मात्र दुसऱ्यांच्या खात्यावर जमा झालंय.

प्रश्न (पुणे): रुबी मायर्स पुण्यात जन्मली हे वाचून गंमत वाटली. पण एक ज्यू मुलगी भारतीय सिनेमाची हिरॉइन कशी काय झाली? आणि नाव का बदललं? त्या काळात आपल्या घरच्या मुली का नव्हत्या सिनेमात?

ताई, तुमचे तीन प्रश्न आहेत पण उत्तर एकच, आणि ते शेवटच्या प्रश्नापासून सुरू करावं लागतं.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ ला राजा हरिश्चंद्र काढला तेव्हा तारामती करायला बाई मिळेना. घरंदाज बायका सोडाच, कोठ्यावरच्या बायकांनीही नाही म्हटलं असं सांगतात, म्हणजे सिनेमाची अब्रू तेव्हा काय होती बघा. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, आणि पुढे १९१७ च्या लंका दहनमध्ये तर राम पण तेच आणि सीता पण तेच. त्याच १९१३ मध्ये मोहिनी भस्मासुरात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या खऱ्या (कमलाबाई म्हणजे चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी), पण म्हणून लगेच रांग लागली असं काही झालं नाही. मायलेकी नाटकातल्या होत्या, जे बोलायचं ते समाज आधीच बोलून झाला होता.

मग ही जागा भरली कोणी? तर अँग्लो-इंडियन, ज्यू अशा घरांतल्या मुलींनी. त्या बाहेर नोकऱ्या करत होत्या, इंग्रजी बोलत होत्या, चारचौघांत वावरायची सवय होती. आणि मूकपटात मराठी, हिंदी, गुजराती काही यायची गरजच नव्हती, कॅमेऱ्याला चेहरा कळतो, उच्चार कळत नाहीत! नावं मात्र बदलली, कारण सीता नाहीतर अनारकली करणाऱ्या बाईचं नाव पोस्टरवर मिस स्मिथ कसं चालणार. रेने स्मिथची सीतादेवी झाली, पुढे एस्थर अब्राहमची प्रमिला झाली, तशीच रुबी मायर्सची सुलोचना.

रुबी टेलिफोन ऑपरेटर होती. तेव्हाचं एक्स्चेंज म्हणजे समोर भोकंच भोकं असलेला भलामोठा बोर्ड, कानाला हेडफोन, आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याची वायर हाताने त्या भोकात खोचायची. तिला हेरलं मोहन भवनानी नावाच्या दिग्दर्शकाने, तो कोहिनूर फिल्म कंपनीत होता. तिने आधी साफ नकार दिला. लक्षात घ्या, जिच्या समाजात बायकांनी नोकरी करणं चालत होतं त्या मुलीलाही सिनेमा नको होता! भवनानी मात्र मागेच लागला आणि शेवटी ती हो म्हणाली. अभिनयाचा अनुभव शून्य. १९२५ मध्ये वीर बाला आला आणि बाईंनी मागे वळून बघितलंच नाही.

जाता जाता एक. याच भवनानीने १९३१ मध्ये फरेबी जाल काढला, त्यात आपल्या दुर्गाबाई खोटे पहिल्यांदा पडद्यावर आल्या. चांगल्या घरातली, कॉलेजात शिकलेली मराठी बाई सिनेमात, म्हणजे केवढा गहजब झाला असेल, पण दुर्गाबाई टिकल्या आणि पुढच्याच वर्षी प्रभातच्या अयोध्येचा राजामध्ये त्या तारामती होत्या. म्हणजे अण्णा साळुंक्यांची तारामती ते दुर्गाबाईंची तारामती, मधे १९ वर्षं. ही १९ वर्षं ज्या बायकांनी सिनेमा खांद्यावर वाहिला त्यात रुबी मायर्स सगळ्यात पुढे होती, आणि आपण त्यांना "त्या अँग्लो-इंडियन नट्या" म्हणून एका ओळीत उडवतो, हे मला तरी पटत नाही.

प्रश्न (ठाणे): मूकपटात ती करायची तरी काय? म्हणजे डायलॉग नाही, गाणं नाही. आणि ते जुने सिनेमे पळत का असतात, सगळे धावत चालल्यासारखे?

पळण्याचं आधी सांगतो, सोपं आहे. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेम, म्हणजे एकेक चित्रं, पडायच्या. आवाज आला तेव्हा वेग २४ ला पक्का झाला, आणि जुनी फिल्म त्या २४ च्या वेगाने चालवली की माणसं पळणारच ना. तेव्हाच्या प्रेक्षकांना ती पळत दिसत नव्हती.

डायलॉग पडद्यावर पाट्या लिहून यायचे, एकेका पाटीवर तीन-तीन चार-चार भाषा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी थिएटरात कोणीतरी मोठ्याने वाचायचं, शेजारी पेटी-तबला चालू. त्या गोंधळात नटीने फक्त डोळ्यांनी, मानेने, हाताने सगळं पोचवायचं. सोपं नाही हो. त्यात फिल्म अशी की तिला लाल रंग दिसायचाच नाही, लाल म्हणजे थेट काळा आणि निळा म्हणजे पांढुरका, म्हणजे ओठ रंगवले की काळेकुट्ट दिसणार. त्या हिशोबाने मेकअप करायचा आणि वर रिफ्लेक्टरचं ऊन तोंडावर घेऊन उभं राहायचं.

सुलोचना काय करायची त्याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे १९२७ चा वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे. त्यात तिने एकटीने आठ भूमिका केल्या. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं पोरगं, सोनेरी केसांची गोरी मॅडम, आणि अजून. पुरुषांच्या भूमिकासुद्धा! ज्या सिनेमात १४ वर्षांपूर्वी बाईचं काम पुरुष करत होते तिथे आता एक बाई मिशी लावून पोलीस झाली, मला ही गोष्ट फार आवडते. नुसत्या सुंदर चेहऱ्यावर हे होत नाही, आणि तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक लोक चेहऱ्यावरच थांबतात.

प्रश्न (नागपूर): आमचे आजोबा सांगायचे की सुलोचनाचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता. खरं आहे का हे?

आजोबांनी एकट्यांनी नाही सांगितलं काका, पुस्तकांत आणि पेपरातही हेच वर्षानुवर्षं छापून येतंय. पण आकडे समोर ठेवा की. तिचा पगार कोणी महिना २,५०० सांगतं, कोणी ५,००० सांगतं. आणि इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार लिहिलेला आहे, वर्षाला १,२०,००० रुपये, म्हणजे महिना १०,०००. तेव्हा ५,००० चा आकडा धरला तरी बाई गव्हर्नरच्या निम्म्यावरच येतात. स्टुडिओच्या पब्लिसिटीवाल्याने कधीतरी हे पिल्लू सोडलं असणार असं मला वाटतं, आणि लोकांना ते इतकं आवडलं की कोणी हिशोबच केला नाही.

पण म्हणून पगार कमी होता असं अजिबात नाही हं. त्या काळात सोनं तोळ्याला वीस-तीस रुपयांच्या घरात होतं, म्हणजे अडीच हजार धरले तरी महिन्याला शंभरेक तोळे! आणि ही रक्कम दरमहा, कारण तेव्हा नट-नट्या स्टुडिओच्या नोकरीत असायच्या, ऑफिसात जावं तसं स्टुडिओत जायचं. दारात शेवरोले गाडी. टेलिफोन बोर्डावरून उठलेल्या मुलीसाठी हे काय कमी झालं, त्यात गव्हर्नरला कशाला मधे आणायचं.

प्रश्न (नाशिक): बोलपट आला आणि हिंदी येत नसल्यामुळे सुलोचनाचं करिअर संपलं असं एका व्हिडिओत ऐकलं. खूप वाईट वाटलं. तिच्यावर अन्याय झाला ना?

हा व्हिडिओ मलाही चार जणांनी पाठवला. अर्धवट आहे.

आधी बोलपट यायच्या वेळी ती कुठे होती ते बघा. कोहिनूर सोडून ती अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत आली, आणि १९२८-२९ मध्ये दिग्दर्शक आर. एस. चौधरींबरोबर तिचे लागोपाठ तीन सिनेमे तुफान चालले: माधुरी, अनारकली, इंदिरा बी.ए. क्रेझ इतकी की गांधीजी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करतायत अशी एक छोटी फिल्म दाखवत होते, तर तिच्या जोडीला माधुरीमधला सुलोचनाचा नाच, वर आवाजाची जोड देऊन, लावला होता. गांधीजींना बघायला आलेली पब्लिक आणि सुलोचनाला बघायला आलेली पब्लिक एकाच तिकिटात!

अनारकलीची गंमत वेगळीच. लाहोरच्या इम्तियाज अली ताज यांचं त्या विषयावरचं नाटक गाजलेलं होतं आणि त्यावरून ग्रेट ईस्टर्न कंपनी सीतादेवीला घेऊन मोठा खर्च करून सिनेमा काढत होती. इंपीरियलने काय केलं, तोच विषय उचलला, सुलोचनाला उभं केलं, झटपट शूटिंग उरकलं आणि यांचा सिनेमा आधी थिएटरात लावला. मोठ्या खर्चाचा तो सिनेमा मागून आला आणि पडला. नैतिकदृष्ट्या काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, धंदा म्हणून इराणींना दाद द्यावी लागते.

आता बोलपट. १४ मार्च १९३१, गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये आलम आरा लागला. इंपीरियलचाच सिनेमा, आणि घरात नंबर एकची नटी बसलेली असताना हिरॉइन होती झुबेदा. कारण उघड आहे, सुलोचनाला हिंदुस्तानी, म्हणजे हिंदी-उर्दूची बोलीभाषा, नीट येत नव्हती. पण भाषेची अडचण फक्त ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींचीच होती असं जे रंगवतात ते चूक. आलम आराचा हिरो कोण, तर आपला मास्टर विठ्ठल, मूकपटातला तलवारबाज, मराठी गडी. त्याचंही उर्दू कच्चं, मग त्याच्या पात्राला बराच वेळ भान हरपलेल्या अवस्थेत ठेवून वेळ मारून नेली! हिरोसाठी कथेत सोय करता येते, हिरॉइन मात्र बदलायची, असो.

आणि नुसतं बोलून भागत नव्हतं. प्लेबॅक यायला अजून काही वर्षं होती, त्यामुळे जी हिरॉइन तिनेच गायचं, तिथल्या तिथे, कॅमेऱ्यासमोर, माइक कुठेतरी लपवलेला. स्टुडिओ रेल्वे लाइनच्या शेजारी, म्हणून गाड्या बंद झाल्या की रात्रीत शूटिंग. घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलीची यात काय अवस्था झाली असेल विचार करा.

सीतादेवी इथे संपली. सुलोचना नाही संपली. तिने वर्षभर काम बाजूला ठेवलं आणि बसून हिंदुस्तानी शिकली. वय २४-२५, पगार-गाडी-नाव सगळं असताना पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करायची! आणि १९३२ मध्ये परत आली ती माधुरी घेऊनच, तोच सिनेमा, आता बोलणारा. चालला. मग इंपीरियलने धडाकाच लावला, तिचे जुने हिट पुन्हा काढायचे. १९३४ मध्ये इंदिरा एम.ए. (मधल्या पाच वर्षांत इंदिराने अभ्यास केला बरं का), १९३५ मध्ये अनारकली, १९३६ मध्ये वाइल्डकॅटचा बंबई की बिल्ली. आपल्याच सिनेमांचे रिमेक आपणच करायचे आणि ते चालवूनही दाखवायचे, हे आजच्या कुठल्या स्टारला जमलंय सांगा. त्याच सुमारास तिने रुबी पिक्स नावाने स्वतःची कंपनीही काढली.

हिरो बहुतेक वेळा डी. बिलिमोरिया. १९३३ ते १९३९ ही जोडी पक्की होती, पडद्यावर आणि पडद्याबाहेरही. १९३९ च्या सुमारास ते प्रेम तुटलं, जोडी तुटली, इंपीरियलही तोपर्यंत बंद पडली होती. दोघांना मग तशी कामं मिळालीच नाहीत. नव्या मुली आल्या होत्या, त्यात गाणाऱ्या होत्या, शिकलेल्या होत्या, बत्तीस वर्षांच्या सुलोचनाला हिरॉइन म्हणून कोण घेणार. तेव्हा बोलपटाने तिला संपवलं हे खरं नाही. बोलपटात ती सात-आठ वर्षं स्टार होती. तिला थांबवलं ते वयाने आणि स्टुडिओ बुडाल्याने, म्हणजे ज्याने आजवर शेकडो नट्यांना थांबवलं त्यानेच. यात रडकथा शोधणाऱ्यांना काही मिळणार नाही, पण मला ती एक वर्ष घरी बसून भाषा शिकणारी बाई त्या रडकथेपेक्षा कितीतरी जास्त इंटरेस्टिंग वाटते.

प्रश्न (डोंबिवली): मग नंतर काय केलं तिने? आणि तिला फाळके अवॉर्ड मिळालं होतं म्हणतात ते हिलाच की दीदींना?

हिलाच. १९७३ सालचं दादासाहेब फाळके पारितोषिक रुबी मायर्स म्हणजे सुलोचनाला. दीदींना ते मिळालं नाही, मिळायला हवं होतं असं म्हणणारे मराठीत पुष्कळ आहेत, मी पण त्यातलाच.

मधल्या काळात तिने छोटी-मोठी चरित्र कामं केली. १९५३ मध्ये फिल्मिस्तानचा अनारकली आला, बीना रॉयचा, ज्याची गाणी अजून रेडिओवर लागतात. त्यात सलीमची आई आहे ती सुलोचना. १९२८ ला अनारकली, १९३५ ला परत अनारकली, आणि १९५३ ला अनारकलीची होणारी सासू. पुढच्या वेळी बघाल तेव्हा बीना रॉयवरून नजर जरा बाजूला काढा आणि राणीसाहेबांकडे बघा, कमी बोलायचं आणि डोळ्यांनी काम भागवायचं ही जुनी सवय गेलेली नाही. अगदी सत्तरच्या दशकापर्यंत ती अधूनमधून दिसायची, खट्टा मीठा मध्येही एक लहान काम आहे. १९८३ मध्ये मुंबईत ती वारली.

प्रश्न (बेळगाव): तिचे मूकपट कुठे बघायला मिळतील? यूट्यूबवर शोधले, काही सापडत नाही.

सापडणार नाहीत हो. आपल्याकडे १,३०० च्या आसपास मूकपट निघाले आणि पूर्ण उरलेत ते मोजून दोन-तीन डझनही नाहीत. तिचे जवळजवळ सगळे गेले. कारणं साधी आहेत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, ती झटकन पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही, शिवाय नुसती पडून राहिली तरी सडते. त्यात फिल्मवर चांदी असते, म्हणून बोलपट आल्यावर कित्येक मालकांनी जुनी रिळं चांदी काढणाऱ्यांना किलोवर विकून टाकली. आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते १९६४ ला, तोवर सगळा कारभार उरकला होता.

तरीही त्या काळाचा अंदाज हवा असेल तर दोन-तीन गोष्टी आहेत. फाळक्यांचा कालिया मर्दन (१९१९) उरलाय, त्यात कृष्ण झालीय ती त्यांची मुलगी मंदाकिनी, लहान पोरगी पण काय काम केलंय बघा. सुलोचनाची खरी स्पर्धक सीतादेवी बघायची असेल तर हिमांशु रॉय यांचे शिराज (१९२८) आणि प्रपंच पाश (१९२९) आहेत, दोन्ही परदेशात नीट साफ करून नवीन संगीत चढवलेत, शिराजला अनुष्का शंकरचं आणि प्रपंच पाशला नितीन साहनीचं. मोबाइलवर बघू नका फक्त, कुठे फिल्म फेस्टिवलमध्ये किंवा फिल्म सोसायटीत मोठ्या पडद्यावर लागला तर गाठा. बेळगावहून पुणे काही लांब नाही, संग्रहालयाच्या थिएटरात अधूनमधून जुने सिनेमे दाखवतात, आधी फोन करून विचारून जा.

*(पुढच्या अंकासाठी झुबेदा आणि तिची आई फातमा बेगम यांच्याबद्दल बरेच प्रश्न आलेत. आई स्वतः दिग्दर्शक होती, १९२६ मध्ये. कोणाकडे जुनी पोस्टरं, सिनेमाच्या पुस्तिका असतील तर फोटो पाठवा, मूळ प्रत पाठवू नका, पोस्टात गहाळ झाली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.)*